मखमली पडद्याच्या बाहुल्या

१

बाहुल्या गेल्या होत्या. एखाददुसरी नव्हे, झाडून सगळ्या.

मी सकाळी चहाचा कप घेऊन मुलांच्या निजायच्या खोलीत शिरले, ती खरं सांगायचं तर मिरवायलाच. आमच्या चर्चच्या महिला मंडळानं उपासनेच्या जागेचे जुने मखमली पडदे उसवून, धुऊन, कापून त्या बाहुल्या शिवल्या होत्या. ती मखमल किती हट्टी होती ते आमच्या बोटांना विचारा. डोळ्यांना बटणं, केसांना लोकर आणि प्रत्येकीच्या फ्रॉकला खिसा, कारण खिशाशिवायचा कपडा मला कपडाच वाटत नाही. आदल्या संध्याकाळी जेवणानंतर आम्ही त्या मुलांच्या हातात दिल्या, पोटभर फोटो काढले. आणि आता पलंगांची रांग होती, चादरींच्या घड्या होत्या, उशा होत्या. बाहुली म्हणाल तर औषधालाही नाही.

"अहो पाळकसाहेब!" मी अशी ओरडले की अर्धा चहा साडीवर सांडला.

पाळकसाहेब प्रार्थना अर्धी टाकून धावत आले. त्यांच्यामागून कंत्राटदार आले. आमचा हा गट समुद्र ओलांडून परक्या देशात, आईबाप नसलेल्या मुलांच्या ह्या वसतिगृहात आठवडाभर सेवा करायला आला होता. पाळकसाहेब गटाचे प्रमुख, पण सूत्रं कंत्राटदारांच्या हातात. रंगाचे डबे त्यांनी दिलेले, शिड्या त्यांनी आणलेल्या, आणि बोलणं असं की देवानंही जग निर्माण करण्याआधी ह्यांच्याकडून अंदाजपत्रक घ्यायला हवं होतं.

त्यांनी आधी दार पाहिलं. लोखंडी जाळीचं दार, सकाळी किल्लीनं उघडलेलं कुलूप शाबूत.

"किल्ली कुणाकडे असते?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांना ठाऊक होतं. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंकडे. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. उतारवयाच्या, दणकट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्या राहायच्या, आणि त्याखेरीज त्यांना जगात दुसरं घर नव्हतं. ओरडा ऐकून त्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या झग्याला धरून ती चष्मेवाली मुलगी उभी होती, जी आठवडाभर माझ्या मागे मागे असायची.

कंत्राटदारांनी हात पुढे केला. "किल्ल्या द्या इकडे."

मावशींना आमची भाषा येत नव्हती, पण पुढे केलेला हात कुणालाही कळतो. त्यांनी जुडगा सोडवून दिला. कंत्राटदारांनी तिथंच उभं राहून संस्थेच्या व्यवस्थापकांना फोन लावला, चार वाक्यं बोलले आणि आमच्याकडे वळले.

"दुपारी स्वतः येतायत. म्हणाले, पाहुण्यांची तक्रार आली म्हणजे विषय संपला. बाईंना आजच काढतो."

दुभाषिणीनं मावशींना ते सांगितलं. मावशी काही बोलल्या नाहीत, चष्मेवालीच्या डोक्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. माझ्या मनात आलं, 'चोरच आहे, म्हणून तर गप्प आहे.' हो, आलं माझ्या मनात. सांगायची लाज वाटते, पण आलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "दुपारपर्यंत वेळ आहे ना? मग कुणीही कशाला हात लावू नका."

आमच्या वन्सं जाग्या झाल्या होत्या.

२

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आगीच्या विम्याच्या दाव्यांची तपासणी करता करता निवृत्त झाल्या. गोदाम जळलं की जाळलं हे त्या राखेवरून सांगायच्या. घरातसुद्धा दूध उतू गेलं तर आधी पातेल्याला प्रश्न विचारतात. ह्या प्रवासाला त्या माझ्या आग्रहाखातर आल्या होत्या, आणि आठवडाभर "मला इथं काय काम आहे ते कळत नाही" असं पुटपुटत होत्या. आता काम मिळालं, म्हणून चेहरा खुलला होता.

व्हरांड्यात खुर्ची टाकून त्यांनी पहिल्यांदा बसच्या ड्रायव्हरला बोलावलं. मधे दुभाषीण बसली. ही मुलगी आमच्याकडे नर्सिंग शिकून परत गेलेली. आमची भाषा छान बोलायची, आणि आठवडाभर सगळं हसतमुखानं केलं होतं. त्या सकाळी मात्र तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"रात्री फाटक उघडलं होतं का?" वन्संनी विचारलं.

"नाही. मी फाटकाशीच बसमध्ये झोपतो," ड्रायव्हर म्हणाला. "आणि गाडीची मागची जागा त्या साहेबांच्या शिड्यांनी भरलीय. तिथं उंदीर लपवायचा म्हटला तरी पंचाईत आहे."

"बाहुल्या बाजारात विकल्या तर कोण घेईल?"

ड्रायव्हर आधी हसला, मग माझ्याकडे पाहून ओशाळला. "बाई, राग मानू नका. पण त्या कोण घेणार?"

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! वन्संनी मात्र शांतपणे मान डोलावली. "बरोबर आहे. चोरायला गिऱ्हाईक लागतं. वहिनीबाई, तुझ्या बाहुल्या सुंदर आहेत, पण गिऱ्हाईक नाही."

"तुम्ही कुणाच्या बाजूच्या आहात, वन्सं?"

"राखेच्या," त्या म्हणाल्या आणि मावशींना बोलवायला सांगितलं.

मावशी समोर बसल्या. वन्संनी विचारलं, "बाहुल्या कुठे आहेत, तुम्हांला माहीत आहे?" मावशी बोलायला लागल्या. बराच वेळ बोलल्या. मधे एकदा हातानं खोलीकडे दाखवलं, एकदा आमच्याकडे, एकदा डोळे पुसले. मग थांबल्या.

दुभाषीण म्हणाली, "त्या म्हणतात, त्यांना काही माहीत नाही."

वन्संनी चष्मा खाली केला. "एवढं लांब बोलल्या आणि निघालं एवढंसंच?"

"आमची भाषा जरा लांबट आहे," दुभाषीण म्हणाली आणि खाली पाहू लागली.

"असेल बाई. तुमचा काल कुणाला काही निरोप द्यायचा राहून गेला होता का? सकाळपासून तुमचं न्याहारीतही लक्ष नाही."

"नाही... म्हणजे..." तिला पुढे बोलवेना. वन्संनी तिला तिथंच सोडलं. चौकशीत माणसाला थोडं पिकू द्यावं लागतं, असं त्या म्हणतात.

मग चष्मेवालीला बोलावलं. मला तर वाटलं, पोर आता हुंदके देईल. वन्संनी विचारलं, "तुझी बाहुली गेली. वाईट वाटलं?" मुलीनं आधी मावशींकडे पाहिलं. मावशींची मान किंचित हलली. आणि मग, मग बरं का, त्या पोरीनं चेहरा पाडला. अगदी व्यवस्थित पाडला, खालच्या ओठासकट.

"जा बेटा," वन्सं म्हणाल्या. ती गेली, आणि दाराबाहेर जाताच उड्या मारायला लागली.

"पाहिलंस?" वन्संनी मला विचारलं. "सकाळपासून एकाही मुलानं पलंगाखाली वाकून पाहिलेलं नाही. लहान मुलाचा साधा भोवरा हरवला तर ते घर डोक्यावर घेतं. इथं सगळ्यांचं सगळं गेलंय आणि पोरं न्याहारीला पाव जास्त मागतायत."

आम्ही जेवणघरात आलो. तिथं आमचं मोठं काम होतं, भिंतीवर नोहाचं तारू. खरं तर आम्ही त्याच दिवशी पहाटे निघणार होतो, पण आदल्या दिवशी जिराफाची मान अर्धवट राहिली. कंत्राटदारांना अर्धवट काम पाहवत नाही, म्हणून सगळ्यांचा मुक्काम दुपारपर्यंत वाढवला होता. जिराफापायी तिकिटं बदलणारे आम्हीच.

वन्सं भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या. खुर्चीची पाठ लागून तारवाच्या खाली एक टवका उडाला होता. त्यांनी नखानं त्याची कड उचलली आणि बोटावर घेतली.

"वहिनीबाई, ह्या भिंतीवर पहिलं चित्र आपण काढलं ना?"

"अर्थात! केवढी ओकीबोकी होती. मीच म्हटलं होतं, बिचाऱ्यांना रंगसुद्धा ठाऊक नाही."

त्यांनी तो टवका माझ्या तळहातावर ठेवला. "मग हे बघ."

३

आमचा निळा होता वर. त्याखाली पांढरा. त्याखाली पिवळा, मग पुन्हा पांढरा, मग हिरवा, परत पांढरा. एवढ्याशा टवक्यात रंगांच्या घड्याच घड्या.

"जळलेल्या घरांच्या भिंती अशा सोलून बघाव्या लागतात," वन्सं म्हणाल्या. "किती वेळा रंग दिला, कधी दिला, मालक खरं बोलतो का. पण दर रंगानंतर पांढरा देणारं घर मी पहिल्यांदाच पाहते आहे. कुणीतरी चित्र काढतं, मग कुणीतरी ते पुसतं, मग दुसरं कुणीतरी चित्र काढतं."

"कशासाठी?"

"ते तूच सांगणार आहेस. आपण आलो त्या दिवशी फाटकाशी काय दिसलं होतं? आठव."

मी आठवलं. मुलं रांगेत उभी होती. त्यांच्यामागे, छपराखाली...

"सायकल," मी म्हटलं. "लाल सायकल होती, चांगली नवीकोरी."

"आणि कंत्राटदार काय म्हणाले?"

ते मला चांगलंच आठवत होतं, कारण मीही मान हलवली होती. कंत्राटदार म्हणाले होते, "इथं तसं सगळं आहे की हो. आपण उगाच एवढ्या लांब आलो का?" दुभाषीण बाजूलाच उभी होती. संध्याकाळी ती सायकल छपराखाली नव्हती, आणि त्यानंतर आठवडाभर मला ती दिसली नाही. सायकल गेली कुठे, हा प्रश्न आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नाही. उलट आत गेल्यावर रिकामी फळकुटं, उघडी भिंत पाहून मला बरं वाटलं होतं. आता इथं माझ्याच बाहुल्या उठून दिसतील, असं वाटलं होतं.

"आणि ते 'हात वर, हात खाली' गाणं," वन्सं थांबेनात. "तू शिकवत होतीस."

"मुलं किती हुशार, एकदा सांगितलं की..." आणि मी जीभ चावली. एकदासुद्धा सांगावं लागलं नव्हतं. माझे हात वर जायच्या आधी त्यांचे गेले होते. मी ते घरी फोन करून कौतुकानं सांगितलं होतं.

मला सगळं कळलं नव्हतं, पण जे काही आहे ते आपल्या अंगावर येणार, एवढं कळलं होतं.

वन्सं मागच्या अंगणात निघाल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीशी, पोत्याखाली, पांढऱ्या रंगाचा डबा होता. झाकण उघडलेलं, रंग ढवळलेला, शेजारी रोलर तयार. पांढरा रंग तर आम्ही आणलाच नव्हता. त्याच्या पलीकडे कोठाराचं दार. कुलूप बाहेरून गंजलेलं, पण किल्लीचं भोक वापरून वापरून चकचकीत.

"किल्ल्या कंत्राटदारांकडे आहेत," मी म्हटलं. "बोलावू?"

"थांबा!" दुभाषीण धावत आली होती. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "ते दार उघडू नका. मी हात जोडते."

"मावशी अडकतील म्हणून?" वन्संनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मावशींसाठी नाही. तुमच्यासाठी सांगते आहे."

४

कंत्राटदारांना बोलवावं लागलंच नाही. आवाज ऐकून ते आले, पाळकसाहेब आले, आमच्या गटातल्या तरुण संघाची पोरं आली. मावशी आल्या आणि त्यांच्यामागून मुलं. कंत्राटदारांनी दुभाषिणीला बाजूला केलं, जुडग्यातली एकेक किल्ली लावून पाहिली आणि दार ढकललं.

"बघा!" ते ओरडले. "म्हटलं नव्हतं मी? गोदाम आहे गोदाम!"

खरंच गोदाम होतं. समोरच्या फळीवर आमच्या मखमली बाहुल्या ओळीनं बसवल्या होत्या, फ्रॉक नीट ओढून. त्यांच्या मागे विणलेली अस्वलं, लाकडी आगगाड्या, चेंडू, चित्रांची पुस्तकं, रंगपेट्या, पाठीवरच्या पिशव्या. छतापर्यंत. प्रत्येक फळीवर वेगळ्या गटाचं सामान. आणि कोपऱ्यात ती लाल सायकल, चाकं पुसून ठेवलेली.

"पोरांच्या तोंडचं काढून इथं साठवायचं!" कंत्राटदार मावशींकडे बोट करून म्हणाले. "आणि आपण हिच्या हातचं जेवलो."

"बोट खाली घ्या," वन्सं म्हणाल्या. असा आवाज मी त्यांचा घरात फक्त एकदा ऐकलाय, आमच्या ह्यांनी हुंड्याबद्दल चेष्टा केली होती तेव्हा. कंत्राटदारांचं बोट आपोआप खाली गेलं.

"साठवणारा चोर माल झाकून ठेवतो," वन्सं बोलू लागल्या. "इथं धूळ नाही. पुस्तकांची पानं वापरून मऊ झालीत. सायकलच्या पेडलांवर मुलांच्या पायांचे ओरखडे आहेत. रंगपेट्यांतला लाल संपलाय. म्हणजे हे सगळं खेळलं जातं. मुलंच खेळतात. हे दार बंद असतं ते फक्त कुणीतरी असताना. कोण असताना?"



"पाहुणे असताना," त्यांनीच सांगितलं. "गट यायच्या आधी खेळणी आत जातात, चित्रावर पांढरा रंग चढतो, फळकुटं रिकामी होतात. गट येतो. ओकीबोकी भिंत बघून हळहळतो, रंगवतो, गाणं शिकवतो, भेटी देतो आणि धन्य होऊन घरी जातो. मग पुढच्या गटासाठी पुन्हा सगळं आत. आपला गट आज पहाटे निघायचा होता. मावशींनी त्या हिशेबानं बाहुल्या रात्रीच आवरल्या, मुलांनीच आणून दिल्या असतील. पण आपला मुक्काम वाढला, आणि ते त्यांना कुणी सांगितलं नाही. चूक एवढीच झाली. ती कुणाची, ते त्यांनीच सांगावं."

दुभाषीण रडायला लागली. "माझी. साहेबांनी मला संध्याकाळी सांगितलं, जिराफाचं. मी मावशींना सांगायला विसरले. आणि सकाळी खरं सांगितलं असतं, तर तुम्हांला किती वाईट वाटलं असतं!"

"सकाळी त्या काय म्हणाल्या होत्या?" पाळकसाहेबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "सगळं सांगा. काही गाळू नका."

तिनं नाक पुसलं आणि मावशींकडे पाहून सांगायला लागली.

"त्या म्हणाल्या, मला काढा, पण मुलांना बोल लावू नका. मी सांगितलं म्हणून त्यांनी बाहुल्या आत ठेवल्या. पूर्वी असं नव्हतं, भेटी मुलांजवळच असायच्या. मग एकदा एक गट आला. मुलांकडे खेळणी आहेत, भिंतीवर फुलपाखरं आहेत, हे पाहून त्यांच्या बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, इथं आपली गरज दिसत नाही. आणलेली खोकी न उतरवता ते दुसऱ्या वसतिगृहाकडे निघून गेले. त्या खोक्यांत औषधं होती. त्या हिवाळ्यात लहानग्यांचा खोकला हटेना आणि आमचं औषधांचं कपाट रिकामं होतं. तेव्हा व्यवस्थापकांनी सांगितलं, पाहुण्यांना द्यायला जागा ठेवत जा. तेव्हापासून मी जागा ठेवते."

एवढ्यात फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. व्यवस्थापक वेळेआधीच पोचले होते.

५

व्यवस्थापक चुणचुणीत गृहस्थ. कोठाराचं दार सताड उघडं बघून क्षणभर गडबडले, पण लगेच सावरले. मावशींकडे वळून त्यांनी असे काही डोळे वटारले की जणू हे कोठार ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

"आम्हांला अतिशय खेद आहे," दुभाषीण त्यांचं बोलणं सांगू लागली. "ह्या बाईंनी विश्वासघात केला. नवीन बाई उद्यापासून येतील. ह्या आत्ताच सामान बांधतील."

मावशींनी मान खाली घातली. आणि माझ्या लक्षात आलं, आपण गप्प राहिलो तर हे असंच होईल. सगळ्यांची सोय आहे त्यात. व्यवस्थापकांचं नाव राहील, आमची सेवा राहील, रविवारी चर्चमध्ये पडद्यावर दाखवायचे फोटो राहतील. एक म्हातारी बाई तेवढी चोर ठरेल, तीही परक्या देशात, जिथं आम्हांला पुन्हा तोंड दाखवायचं नाही. पाळकसाहेबांनाही ते कळलं असावं.

"साहेब," शेवटी ते म्हणाले, "ह्यांनी काहीही घेतलेलं नाही. आमचं मन राखावं म्हणून त्यांना हे करावं लागलं, आणि वर आम्हीच त्यांना चोर म्हटलं. तक्रार मागे घेतो एवढं म्हणून भागणार नाही. तक्रार खोटी होती."

"म्हणजे तुमचा रोष नाही?" व्यवस्थापकांना बरं वाटलं, पण पुरतं नाही. "मग घरी जाऊन काय सांगणार आपल्या लोकांना?"

"रविवारी मला साक्ष द्यायची आहे. हेच सांगेन."

"हे सांगाल तर पुढच्या वर्षी तुमच्याकडून कोण येईल?"

पाळकसाहेब म्हणाले, "बहुतेक कुणी नाही."

"आणि औषधं?"

"ती पाठवू. आम्ही न येता पाठवू."

व्यवस्थापक नम्रपणे हसले. "असं सगळेच म्हणतात, फादर."

येताना विमानात मी वन्संना म्हटलं होतं, द्यायला जाणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त मिळतं. आता कुठे कळलं, आम्ही खरंच जास्त घेऊन चाललो होतो.

"पण बाई राहतील," पाळकसाहेब म्हणाले. "एवढं तरी तुम्ही आमच्या समोर कबूल करा."

"पाहुण्यांची तक्रार नसेल तर मला काय अडचण?" व्यवस्थापकांनी खांदे उडवले. "राहू देत."

सगळ्यांनी कंत्राटदारांकडे पाहिलं. किल्ल्या अजून त्यांच्या मुठीत होत्या. ते मावशींच्या समोर गेले, जुडगा दोन्ही हातांनी पुढे केला. "बाई, मी..." म्हणाले, आणि अडकले. "ती सायकल... मी बोलायला नको होतं." दुभाषिणीनं ते सांगितलं. मावशींनी किल्ल्या घेतल्या, कमरेला लावल्या आणि काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतात, ते नंतर बघू," दुभाषीण म्हणाली. "पुढचा गट आज दुपारी येतोय. भिंत वाळायला वेळ लागतो. आता रंगवायला घेतली तर तुम्हांला चालेल का?"

तरुण संघातला एकजण म्हणाला, "आपण थांबून त्या गटाला खरं सांगू या ना!" मावशींना ते कळल्यावर त्या घाबरल्याच. नको, नको, त्यांच्या गाडीत दुधाची पावडर आहे. आधी ती उतरू दे.

मग कुणीच वाद घातला नाही. कंत्राटदारांनी बाह्या सरसावल्या, पांढऱ्या रंगाचा डबा उचलला आणि आम्ही सगळे जेवणघरात गेलो. आठवडाभर काढलेलं तारू आम्हीच पुसायला घेतलं. जिराफाची मान कंत्राटदारांनी स्वतः पुसली. मी मेंढरं पुसली. मुलं मदतीला आली, आणि त्यांचे हात आमच्यापेक्षा सफाईनं चालत होते. चष्मेवालीनं माझ्या हातातला रोलर काढून घेतला, असा नाही, असा धरायचा, हे करून दाखवलं आणि परत दिला. भुई फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. पण भिंत मोठी होती आणि वेळ कमी होता, म्हणून मी रंग देत राहिले.

भिंत पांढरी झाली. आम्ही हात धुतले, सामान बसमध्ये टाकलं. मुलं फाटकाशी येऊन रांगेत उभी राहिली. मावशी बाजूला होत्या, पुन्हा पुन्हा रस्त्याकडे पाहत होत्या, दुसरी बस आली का म्हणून.

चष्मेवाली रांगेतून पुढे आली आणि दुभाषिणीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही."

"अगं, आता काही गाळू नकोस. सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "ती विचारते आहे, आज रडायचं आहे का? निरोपाला रडायची आज तिची पाळी आहे. पण तुम्हांला सगळं कळलंय, तर नको असेल ना, असं विचारते."

जळून गेलेल्या गोदामांपुढे न डगमगणाऱ्या आमच्या वन्सं! त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. चष्मेवाली उत्तराची वाट बघत उभी होती, मोठ्या माणसाला काम आहे की नाही हे विचारायला आल्यासारखी.

"सांग तिला, नको," मी म्हटलं. "जा म्हणावं, खेळ."

तिनं खात्री करायला मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान डोलावली. पोर एकदम हसली. आठवडाभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. ती अंगणाकडे पळाली, तिच्यामागे रांग मोडून सगळी पळाली. मागे वळून कुणीही पाहिलं नाही. बस सुटली, आणि मी खिडकीकडे तोंड करून, पदर तोंडाशी धरून, कुणाची पाळी नसताना रडत राहिले.